विश्वाच्या आरंभाचा पुरावा स्वतः कसा तपासावा

विश्वाच्या आरंभाचा विषय बहुतेकांच्या वाट्याला ऐकीव माहिती म्हणून येतो. पाठ्यपुस्तकातला एखादा परिच्छेद आणि वर्तमानपत्रातली एखादी बातमी एवढ्यावर त्याची बोळवण होते, आणि मग हा सिद्धांत मानायचा की नाही याची चर्चा श्रद्धेचा प्रश्न असल्यासारखी चालते. वास्तविक यातला बराचसा पुरावा असा आहे, की दहावीपर्यंतचे गणित येणाऱ्या माणसाला तो वही, आलेखाचा कागद, गणकयंत्र आणि इंटरनेट एवढ्या साधनांनिशी पडताळून पाहता येतो. त्यामागची मूळ निरीक्षणे सर्वांसाठी खुली आहेत. ती कोणत्या क्रमाने तपासावीत आणि कोठे चूक होण्याचा संभव असतो, ते पुढे सांगितले आहे. सवडीने केले तर हे तीन-चार सुट्ट्यांचे काम आहे.

तपासायचे विधान वहीच्या पहिल्या पानावर नेमक्या शब्दांत लिहून काढावे: सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी आज दिसणारे सर्व द्रव्य आणि प्रारण अत्यंत उष्ण व अत्यंत दाट अवस्थेत होते, आणि तेव्हापासून विश्व प्रसरण पावत आणि थंड होत आले आहे. या विधानात स्फोट हा शब्द नाही, आणि शून्यातून काही निर्माण झाले असेही त्यात म्हटलेले नाही. ‘महास्फोट’ हे नाव ज्या इंग्रजी शब्दांवरून आले, ते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी २८ मार्च १९४९ रोजी बीबीसीच्या नभोवाणीवरील भाषणात वापरले होते, आणि हॉइल स्वतः या कल्पनेचे विरोधक होते. या नावामुळे रिकाम्या जागेत एका ठिकाणी काहीतरी फुटले आणि त्याचे तुकडे चहूकडे उडाले असे चित्र मनात उभे राहते. ते चित्र आरंभीच पुसून टाकलेले बरे, नाहीतर पुढची सगळी समज तिरपी होत जाते.

त्याच पानावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात, हे मोजमाप होण्याआधी त्याविषयी कोणी काही भाकीत केले होते का, याची नोंद करावी. दुसऱ्यात, मोजमापाचे उत्तर वेगळे आले असते तर सिद्धांत अडचणीत आला असता का, हे लिहावे. मोजमाप आधी झाले आणि स्पष्टीकरण मागाहून जुळवले, अशा पुराव्याचे वजन कमी धरावे. हे दोन रकाने प्रामाणिकपणे भरणे हाच या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे, आणि माझ्या मते आकडेमोडीपेक्षा तेच अधिक कठीण आहे.

ताम्रसृती मोजणे

पहिले काम वर्णपटाचे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबींनुसार पसरलेल्या पट्ट्याचे. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीच्या रेषा उमटवते. प्रयोगशाळेत हायड्रोजनची एक ठळक रेषा ४८६.१ नॅनोमीटरवर आणि दुसरी ४३४.० नॅनोमीटरवर येते. दूरच्या वस्तूच्या प्रकाशात याच रेषा तांबड्या बाजूला सरकलेल्या आढळल्या, तर त्या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. ३सी २७३ हा क्वेसार, म्हणजे ताऱ्यासारखा ठिपका दिसणारी पण अतिशय दूरची तेजस्वी वस्तू, उदाहरणासाठी घ्यावा. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातील अनोळखी रेषा प्रत्यक्षात हायड्रोजनच्याच, पण सरकलेल्या रेषा आहेत हे ओळखले. त्यात ४८६.१ ची रेषा सुमारे ५६३ नॅनोमीटरवर दिसते. दोहोंतील फरकाला ४८६.१ ने भागले की ०.१५८ हे उत्तर येते; हाच ताम्रसृतीचा आकडा. आता ४३४.० ची रेषा घेऊन तेच करावे, ती ५०२.६ च्या आसपास सापडते आणि भागाकार पुन्हा ०.१५८ येतो. दोन वेगळ्या रेषांनी एकच उत्तर दिले, तरच रेषांची ओळख बरोबर आहे असे समजावे. एकाच रेषेवर विसंबून काढलेली ताम्रसृती वहीत घेऊ नये.

यानंतर स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेच्या स्कायसर्व्हर या संकेतस्थळावरून पंधरा-वीस दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचे, वर्णपट काढून घ्यावेत. तेथे प्रत्येक दीर्घिकेची ताम्रसृती छापलेली असतेच. परंतु ती झाकून ठेवून आधी स्वतः मोजावी आणि मग ताडून पाहावी. जवळपास सर्वच दीर्घिकांत रेषा तांबड्या बाजूला सरकलेल्या आढळतील. देवयानी दीर्घिका मात्र याला अपवाद आहे. १९१२ मध्ये अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ येथील लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी रेषांच्या सरकण्यावरून तिचा वेग प्रथम मोजला, तेव्हा ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असल्याचे दिसले. हा अपवाद पाहून सिद्धांत कोसळला असे मानण्याचे कारण नाही. शेजारच्या दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकमेकींना ओढतात आणि तेवढ्या अंतरावर प्रसरणाचा परिणाम किरकोळ असतो. प्रसरण पाहायचे तर दूरच पाहावे लागते.

अंतर आणि वय

अंतर मोजणे हे ताम्रसृती मोजण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि या शास्त्राच्या इतिहासातील मोठ्या चुका येथेच झाल्या. म्हणून या टप्प्यावर घाई करू नये. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये लहान मॅगेलनी मेघातील २५ रूपविकारी ताऱ्यांच्या अभ्यासातून दाखवले, की सेफीड प्रकारच्या ताऱ्याचा तेजाच्या चढउताराचा काळ जितका मोठा, तितके त्याचे खरे तेज अधिक असते. खरे तेज कळले आणि दिसणारे तेज मोजले की अंतर निघते. दिव्याचे वॅट ठाऊक असतील तर तो किती दूर आहे हे सांगता येते, तसेच हे. १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीतून देवयानीमध्ये असा एक तारा सापडला आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे ठरले.

बेल्जियमचे धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये आइन्स्टाइन यांच्या समीकरणांवरून प्रसरणशील विश्वाचे गणित मांडले होते. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, हबल यांनी २४ दीर्घिकांचे अंतर व वेग यांचा तक्ता प्रसिद्ध केला. अंतराच्या प्रमाणात वेग वाढतो हे त्यातून दिसले. आज या संबंधाला हबल-लमेत्र नियम म्हणतात. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने २०१८ मध्ये तशी शिफारस केली. पहिल्या रकान्यात लमेत्र यांच्या नावाची नोंद येथे करावी.

हबल यांचा तो मूळ तक्ता इंटरनेटवर सहज मिळतो. त्यातील सर्व नोंदी आलेखाच्या कागदावर, आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर वेग घेऊन, हाताने मांडाव्यात. ठिपके बरेच विखुरलेले दिसतील आणि त्यांतून सरळ रेषा काढायला धीर लागेल. रेषेचा चढ मेगापार्सेकला सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर एवढा येईल. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे. आता त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने आधुनिक अंतरे मांडावीत. हबल यांनी कन्या राशीतील दीर्घिकासमूहाच्या दीर्घिकांना २ मेगापार्सेक अंतर दिले होते. आजच्या मोजणीनुसार हा समूह सुमारे १६.५ मेगापार्सेकवर आहे. म्हणजे वेग बरोबर होते, पण अंतरे कित्येक पटींनी चुकली होती. अरुंधती केश तारकासमूहातील कोमा दीर्घिकासमूह सुमारे १०० मेगापार्सेकवर असून सेकंदाला सुमारे ७,००० किलोमीटर वेगाने दूर जात आहे. एवढ्या एका जोडीवरूनच चढ ७० च्या आसपास येतो.

या चढावरून वय काढता येते. एका मेगापार्सेकमध्ये ३.०९ गुणिले दहाचा एकोणिसावा घात, म्हणजे सुमारे ३.०९ लाख कोटी कोटी किलोमीटर असा अगडबंब आकडा येतो. तो ७० ने भागून सेकंद आणि सेकंदांची वर्षे करावीत. हे किचकट वाटल्यास सोपी वाट अशी, की ९७,७८० या संख्येला चढाने भागावे; उत्तर कोटी वर्षांत मिळते. ७० साठी सुमारे १,३९७ कोटी वर्षे येतात, आणि हबल यांच्या ५०० साठी केवळ १९६ कोटी. प्रसरणाचा वेग सर्व काळ सारखा राहिला असे यात गृहीत धरले आहे. आधी द्रव्याच्या ओढीने तो मंदावला आणि नंतर वाढू लागला हे हिशेबात घेतले, की १,३८० कोटी हा आकडा मिळतो.

या १९६ कोटींनी पुढे मोठी पंचाईत केली, कारण किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढलेले पृथ्वीचे वय त्याहून अधिक निघाले. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी ते ४५५ कोटी वर्षे असल्याचे दाखवले. लेकरू आईपेक्षा वयाने मोठे निघावे तसा हा प्रकार होता, आणि तो तसाच राहिला असता तर सिद्धांत टाकून द्यावाच लागला असता. दरम्यान १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी सेफीड ताऱ्यांचे दोन प्रकार असून त्यांची गल्लत झाली आहे हे सिद्ध केले. त्यासरशी अंतरे दुप्पट झाली. १९५८ मध्ये ॲलन सँडेज यांनी चढ ७५ च्या आसपास आणला. दुसऱ्या रकान्यात या प्रसंगाला पुरेशी जागा द्यावी. वयाची ही कसोटी आजही लागू आहे: तारकागुच्छांतील सर्वांत जुन्या ताऱ्यांची वये १,२०० ते १,३०० कोटी वर्षांच्या घरात येतात, आणि २००१ मध्ये एका ताऱ्यातील युरेनियमच्या ऱ्हासावरून त्याचे वय सुमारे १,२५० कोटी वर्षे, तीनशे कोटी इकडे-तिकडे, असे काढण्यात आले. ताऱ्यांच्या अंतरंगाचे भौतिकशास्त्र, युरेनियमचा ऱ्हास आणि दीर्घिकांचे प्रसरण या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. त्या एकाच आकड्याभोवती जमतात, ही बाब मला फार मोलाची वाटते.

चढाचा अचूक आकडा आजही वादात आहे. सेफीड तारे आणि सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन झळाळणारे तारे, यांच्या साखळीने तो ७३ च्या आसपास येतो, तर पार्श्वप्रारणावरून (सर्व दिशांनी येणाऱ्या ज्या मंद प्रारणाविषयी पुढे सांगितले आहे त्यावरून) प्लँक उपग्रहाने काढलेला आकडा ६७.४ आहे. दोन्ही मोजमापांची अनिश्चितता या फरकापेक्षा कमी असल्याने कोठेतरी चूक किंवा नवे भौतिकशास्त्र दडलेले आहे. हा वाद विश्व प्रसरण पावते की नाही याविषयीचा नाही, हे मात्र वाचताना ध्यानात ठेवावे.

सर्व दीर्घिका आपल्यापासूनच दूर जातात, मग आपण केंद्रस्थानी आहोत का, ही शंका येथे हमखास येते. तिच्यासाठी शिवणकामातले इलॅस्टिक घ्यावे, त्यावर दोन-दोन सेंटीमीटरवर शाईच्या खुणा कराव्यात आणि ते ताणून दुप्पट लांब करावे. कोणतीही खूण ‘आपली’ मानली तरी शेजारची खूण दोन सेंटीमीटर आणि तिच्या पलीकडची चार सेंटीमीटर दूर गेलेली आढळते. केंद्र कोठेच लागत नाही.

दुसरी शंका अधिक खोल आहे: प्रकाश लांबच्या प्रवासात थकून तांबडा होत असेल, तर प्रसरण मानायचे कशाला? तिचे उत्तर सुपरनोव्हांनी दिले. पहिल्या-अ प्रकारचे सुपरनोव्हा ठरावीक दिवसांत उजळून मावळतात. ताम्रसृती १ असलेल्या अंतरावर हाच घटनाक्रम दुप्पट काळ चाललेला दिसतो, कारण अवकाश ताणले गेल्याने लहरींबरोबर त्यांच्यातील अंतरेही ताणली गेली. प्रकाश नुसता थकला असता तर त्याचा रंग बदलला असता, पण घड्याळ मंदावले नसते.

पार्श्वप्रारण

प्रसरण मान्य केले तरी विश्व एके काळी उष्ण होते हे त्यावरून सिद्ध होत नाही. हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतातही विश्व प्रसरण पावतच होते. फक्त रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य सतत निर्माण होत राहून घनता कायम राहते असे ते मानत. दोन्ही सिद्धांतांत निवाडा करणारा पुरावा हवा असेल तर या विभागाला सर्वाधिक वेळ द्यावा.

त्याच १९४८ मध्ये राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हरमन यांनी लिहिले, की उष्ण आरंभाची ऊब आजही विश्वात उरली असली पाहिजे आणि तिचे तापमान सुमारे ५ केल्व्हिन असावे. पुढे हे भाकीत विस्मरणात गेले. १९६४ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात होल्मडेल येथे, बेल प्रयोगशाळेच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनावर काम करताना आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांना ७.३५ सेंटीमीटर तरंगलांबीवर अशी एक खरखर आढळली, जी कोणत्याही दिशेला सारखीच होती आणि रात्रंदिवस कायम राहत होती. त्यांनी अँटेनात घरटे केलेली कबुतरे हलवली, त्यांची विष्ठा साफ केली, सांधे तपासले; तरी खरखर गेली नाही. ती ३.५ केल्व्हिनच्या प्रारणाएवढी भरली. तेथून जवळच प्रिन्स्टन येथे रॉबर्ट डिकी आणि त्यांचे सहकारी नेमके हेच प्रारण शोधण्यासाठी उपकरण उभारत होते. १९६५ मध्ये दोन्ही गटांचे लेख एकत्र प्रसिद्ध झाले आणि १९७८ मध्ये पेंझियस व विल्सन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोधणाऱ्यांना काय सापडेल याची कल्पनाच नव्हती, म्हणून अपेक्षेनुसार उत्तर काढल्याचा संशय येथे घेता येत नाही.

एका तरंगलांबीवरील मोजमाप मात्र पुरेसे नसते. उष्ण आणि दाट अवस्थेतून निघालेले प्रारण आदर्श कृष्ण वस्तूच्या प्रारणासारखे असावे लागते, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींवर त्याची तीव्रता एका ठरावीक वक्रावर बसली पाहिजे. नोव्हेंबर १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाने ही कसोटी लावली. त्यावरील फिरास या उपकरणाची आकडेवारी नासाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. ती स्प्रेडशीटमध्ये घेऊन त्यावर २.७२५ केल्व्हिनचा प्लांक वक्र, म्हणजे वर सांगितलेला कृष्ण वस्तूचा वक्र, काढावा. येथे नवखा माणूस हमखास अडखळतो, म्हणून सांगून ठेवतो: या आकडेवारीत तरंगलांबी दिलेली नसून एका सेंटीमीटरमध्ये किती लहरी बसतात तो आकडा दिलेला आहे. तरंगलांबीप्रमाणे वक्र काढला तर शिखर १.०६ मिलिमीटरवर येते, पण या मापनात ते सेंटीमीटरला सुमारे ५.३५ लहरींवर, म्हणजे १.९ मिलिमीटरच्या आसपास दिसते. दोन्ही बरोबर आहेत. वक्र कोणत्या एककात काढला त्यावर शिखराची जागा ठरते. ठिपके आणि वक्र यांच्यातील फरक शिखराच्या उंचीच्या लाखात पाच भागांहूनही कमी आहे. कागदावर तो रेषेच्या जाडीत लपून जातो. जानेवारी १९९० मध्ये हा आलेख खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत प्रथम दाखवला गेला, तेव्हा सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. तो स्वतः काढल्यावर त्या टाळ्यांचे कारण समजते.

यापुढची कसोटी पुणे शहराशी निगडित आहे. विश्व खरोखरच थंड होत आले असेल, तर पूर्वीच्या काळी हे प्रारण अधिक उष्ण असले पाहिजे, आणि किती उष्ण तेही आधीच सांगता येते: २.७२५ ला ‘एक अधिक ताम्रसृती’ने गुणावे. पुण्यातील आयुका या संस्थेतील रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी चिलीतील मोठ्या दुर्बिणीच्या साहाय्याने दूरच्या क्वेसारच्या वाटेत येणाऱ्या वायुमेघांतील अणुरेणूंचे तापमान मोजले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात २.३४ ताम्रसृतीच्या मेघाचे तापमान ६ ते १४ केल्व्हिनच्या दरम्यान निघाले. अपेक्षित आकडा ९.१ होता. २००८ मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूंवरून, २.४१८ ऐवजी सोयीसाठी २.४२ धरलेल्या ताम्रसृतीवर, त्यांनी ९.१५ केल्व्हिन हे तापमान काढले. वाचकाने २.७२५ गुणिले ३.४२ करून पाहावे, ९.३ येतात, आणि मोजमापाची अनिश्चितता ०.७ ची आहे. पार्श्वप्रारण आपल्याच परिसरातील एखाद्या धुळीचे असते, तर एक हजार कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा मेघ इतका नेमका उबदार का असावा, याचे उत्तर देता आले नसते.

हे प्रारण विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना मोकळे झाले. तोपर्यंत तापमान सुमारे ३,००० केल्व्हिनपर्यंत उतरून इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले आणि प्रकाशाची वाट मोकळी झाली. त्या काळच्या द्रव्यातील दाट-विरळपणाच्या खुणा प्रारणात एक लाखात एक इतक्या सूक्ष्म फरकांच्या रूपाने उरल्या आहेत, हे कोबेने १९९२ मध्ये दाखवले. प्लँकच्या नकाशात त्यांतले सर्वांत ठळक डाग सुमारे एक अंश, म्हणजे पूर्ण चंद्राच्या दुप्पट रुंदीचे दिसतात. उष्ण द्रव्यातून धावणाऱ्या ध्वनिलहरी त्या काळात जेवढे अंतर कापू शकल्या, त्याचे हे माप आहे. तेच माप ताणले जाऊन आज दीर्घिकांच्या मांडणीत सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षे झालेले असावे, आणि २००५ मध्ये लाखो दीर्घिकांची अंतरे मोजणाऱ्या दोन सर्वेक्षणांत ते तसेच सापडले.

सोळा कणांचा हिशेब

आता पेन्सिलीने करण्याजोगे गणित. पहिल्या सेकंदाच्या सुमारास न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांचे प्रमाण एकास सहा असे ठरून गेले, आणि पुढील काही मिनिटांत काही न्यूट्रॉनांचा ऱ्हास होऊन ते एकास सात झाले. म्हणून वहीत दोन न्यूट्रॉन आणि चौदा प्रोटॉन असे सोळा कण काढावेत. जवळपास सर्व न्यूट्रॉन हेलियमच्या अणुकेंद्रकात जातात. एका केंद्रकाला दोन न्यूट्रॉन व दोन प्रोटॉन लागतात. उरलेले बारा प्रोटॉन हायड्रोजन म्हणून राहतात. सोळांपैकी चार कण हेलियमात गेले, म्हणजे वजनाने २५ टक्के. ज्यांत ताऱ्यांनी तयार केलेली जड मूलद्रव्ये फारच थोडी आहेत अशा बटू दीर्घिकांत मोजलेले हेलियमचे प्रमाण याच्या अगदी जवळ, २४ ते २५ टक्के, भरते. ताऱ्यांनी त्यांच्या आयुष्यात एवढे हेलियम बनवणे शक्य नव्हते.

ड्यूटेरियमची, म्हणजे जड हायड्रोजनची, साक्ष त्याहून धारदार आहे. तारे ते जाळून टाकतात, बनवत नाहीत. दूरच्या अस्पर्श वायुमेघांत एक लाख हायड्रोजनमागे सुमारे अडीच ड्यूटेरियम आढळतात, आणि त्यावरून साध्या द्रव्याची जी घनता निघते तीच पार्श्वप्रारणाच्या डागांवरूनही निघते. एक हिशेब पहिल्या काही मिनिटांतला आहे आणि दुसरा जवळजवळ चार लाख वर्षांनंतरचा.

लिथियम मात्र जुळत नाही. जुन्या ताऱ्यांत ते अपेक्षेच्या सुमारे एक तृतीयांशच आढळते. ताऱ्यांच्या अंतरंगात ते नष्ट होत असावे असे अनेकांना वाटते, पण याचा निकाल लागलेला नाही, आणि वहीत ही नोंद ठळकपणे झाली पाहिजे.

विरोधी सिद्धांत वाचणे

पुराव्याची ताकद त्याच्या सर्वोत्तम विरोधकाकडून कळते, आणि मराठी वाचकाला तो विरोधक परका नाही. कोल्हापूरला जन्मलेले आणि आयुकाचे संस्थापक संचालक असलेले जयंत नारळीकर हे हॉइल यांचे केंब्रिजमधील शिष्य. त्यांनी स्थिर स्थितीची बाजू हिरिरीने मांडली आणि १९९३ मध्ये हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह तिची सुधारित आवृत्ती दिली. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर महास्फोटाविषयीचे त्यांचे आक्षेप कायम होते. ते आक्षेप टाळून पुढे जाऊ नये. पार्श्वप्रारण हे लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेले ताऱ्यांचे तेज आहे असे त्यांचे म्हणणे होते. ते वाचावे आणि मग फिरासचा वक्र व डागांचे ठरावीक माप त्यातून तितक्याच नेमकेपणाने निघते का, हे स्वतःला विचारावे. माझे उत्तर नकारार्थी आहे. पण एका पक्षाचे म्हणणे अतिशय ठाम आणि मोजून पाहण्याजोगे असल्यामुळे दुसऱ्या पक्षाला अधिक काटेकोर मोजमापे करावी लागली, आणि हे शास्त्र त्यामुळेच भक्कम झाले, असे मी मानतो.

स्थिर स्थितीला पहिला धक्का रेडिओ स्रोतांच्या गणनेने दिला. विश्व सर्व काळ सारखेच असेल तर दूरवर, म्हणजेच भूतकाळात, आजच्यासारखीच वस्ती दिसली पाहिजे. केंब्रिजमध्ये मार्टिन राइल यांच्या गटाला दूरवर मंद स्रोतांची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त आढळली. त्यांची १९५५ ची पहिली मोजणी सदोष निघाली, हे विरोधकांचे म्हणणे खरे ठरले. परंतु नंतरच्या सुधारित मोजण्यांतही आधिक्य कायम राहिले. पूर्वी क्वेसारही आजच्यापेक्षा कितीतरी अधिक होते. भूतकाळातील दीर्घिकांकडे रेडिओ लहरींतून पाहण्याचे काम आज जुन्नर तालुक्यातील खोडद येथील तीस अँटेनांची महाकाय मीटरलहर दुर्बीणही करते. २०२३ मध्ये तिच्यातून १.२९ ताम्रसृतीच्या दीर्घिकेतील हायड्रोजनचा संदेश टिपल्याचे जाहीर झाले. मूळची २१ सेंटीमीटरची लहर येथे पोहोचेपर्यंत ४८ सेंटीमीटर झाली होती.

बातम्या, दावे आणि वहीतील कोरी जागा

नव्या बातम्यांना वहीत लगेच पेनाने स्थान देऊ नये, आधी पेन्सिलीने नोंद करावी. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ प्रयोगाने विश्वाच्या आद्य क्षणातील गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचे जाहीर केले आणि पुढील वर्षी त्या खुणांचे स्पष्टीकरण आपल्याच आकाशगंगेतील धुळीने होते हे प्लँकच्या आकडेवारीसह केलेल्या संयुक्त विश्लेषणातून दिसले. उलट २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला अपेक्षेपेक्षा तेजस्वी आद्य दीर्घिका दिसताच महास्फोट खोटा ठरल्याचे मथळे झळकले. पुढे निश्चित झालेल्या, चौदाहून अधिक ताम्रसृतीच्या अशा दीर्घिका आरंभानंतर सुमारे ३० कोटी वर्षांनी अस्तित्वात होत्या. दीर्घिका किती वेगाने घडतात याविषयीचे अंदाज त्यांनी बदलायला लावले, पण वर तपासलेल्या एकाही मोजमापाला धक्का लागला नाही.

पुराणांतील कल्प-युगांच्या संख्यांशी मेळ घालण्याचा मोह आपल्याकडे फार होतो. त्या वेळी पहिल्या रकान्याची आठवण ठेवावी. १९२९ मध्ये कोणी आपल्या परंपरेतील संख्येचा मेळ १९६ कोटींशी घातला असता, तर तो चुकीच्या आकड्याशी जुळलेला मेळ ठरला असता. ऋग्वेदातील नासदीय सूक्त हे सर्व कोठून आले असा प्रश्न विचारते आणि उत्तर ठाऊक असल्याचा दावा करत नाही; त्याला मोजमापाच्या साक्षीला ओढणे हा त्या सूक्तावरच अन्याय आहे.

शेवटी वहीच्या एका पानावर खालून वर जाणारी उभी रेषा काढून काळ मांडावा. तळाशी आजचा काळ. त्यावर आद्य दीर्घिकांची ३० कोटी वर्षे. त्यावर पार्श्वप्रारणाची ३ लाख ८० हजार वर्षे. त्यावर हेलियमची पहिली काही मिनिटे आणि न्यूट्रॉन-प्रोटॉनांचे प्रमाण ठरवणारा पहिला सेकंद. इथपर्यंत रेषा ठळक असावी. त्याच्या वर क्षणार्धात झालेल्या प्रचंड फुगवट्याची कल्पना येते, जी ॲलन गुथ यांनी १९८१ मध्ये मांडली. पार्श्वप्रारणातील डागांचे स्वरूप तिला अनुकूल आहे, पण तिचा निर्णायक पुरावा अजून हाती नाही, म्हणून तेथे रेषा तुटक काढावी. त्याहून वरच्या भागात गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी यांना एकत्र बसवणारा पडताळलेला सिद्धांतच नाही. तेथे काहीही लिहू नये.